पडण्याबद्दल प्लास्टरताईंचं मत

इस्पितळाच्या तळमजल्यावर, अगदी टोकाला, एक खोली आहे. दारावर तिचं लांबलचक नाव लिहिलेलं आहे, पण सगळे तिला प्लास्टरखोलीच म्हणतात, आणि तिथं एकोणीस वर्षं काम करणाऱ्या बाईंना प्लास्टरताई. मोडलेलं हाड डॉक्टरांनी बसवून दिलं की पुढचं काम ताईंचं. आधी कापूस गुंडाळायचा. मग कोमट पाण्याच्या बादलीत पट्ट्या बुडवायच्या, पिळायच्या, एकावर एक चढवायच्या आणि सुकेपर्यंत हात धरून ठेवायचा. तोही तळहातानं, बोटांनी नाही. बोटांचे खळगे पडले की ते पुढचे सहा आठवडे आतून टोचत राहतात.

ताईंची सुट्टी बुधवारची. बुधवारी दुपारी घरातलं उरकून त्या सिनेमाला जात. सिनेमाचं वेड वगैरे त्यांना अजिबात नव्हतं. नटांची नावं लक्षात राहत नसत, दिग्दर्शक कोण हे बघायच्या भानगडीत त्या कधी पडल्या नाहीत. जो लागला असेल तो बघायचा. दोन-अडीच तास कुणी हाक मारत नाही आणि चपला काढून पाय पसरता येतात, एवढं त्यांना पुरे होतं.

मतं मात्र पक्की होती.

मारामारीच्या सिनेमांवर त्यांचा राग होता. "तिसऱ्या मजल्यावरून पडतो, ओठाच्या कोपऱ्यातलं रक्त पुसतो आणि मोटारसायकलला किक मारतो! अरे, टाचेचा भुगा झाला असेल तुझ्या. किक कसली मारतोस?" विनोदी सिनेमांवर तर राग नव्हे, दुःखच होतं. ओल्या फरशीवरून कुणी घसरला की सगळं थिएटर खदाखदा हसे आणि ताईंच्या मनात येई, गेलं मनगट. शिडीवरून कुणी आपटला की त्या डोळे मिटून घेत. आवडायचे ते घोडेवाले सिनेमे. तिकडं ओसाड माळावर दोन-चारच माणसं असतात, बोलायच्या आधी विचार करतात, आणि ज्याला गोळी लागते तो एकदाच पडतो, परत उठत नाही. "निदान प्रामाणिकपणा आहे," असं ताई म्हणत.

हे सगळं ऐकायला घरी कुणी तयार नसे. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. एकदाच तो सोबत गेला होता, आणि पडद्यावर लिफ्टची दोरी तुटल्यावर उभा राहून मोठ्यानं म्हणाला होता, "अहो, असं होतच नाही! ब्रेक असतात तिला!" तेव्हापासून ताई एकट्याच जात.

मग मतं ऐकवायची कुणाला? तर प्लास्टरखोलीत येणाऱ्यांना. ताईंचा अनुभव असा होता की माणूस वाद घालायला लागला की दुखणं विसरतो आणि हात ढिला सोडतो. म्हणून कापूस गुंडाळता गुंडाळता त्या विचारत, "सिनेमे बघता का? कुठले आवडतात?" आणि मग उत्तर काहीही येवो, त्याच्या विरुद्ध बोलायला लागत.

एका सोमवारी सकाळी सत्तरीचे एक गृहस्थ आत आले. सडपातळ, ताठ, डावं मनगट सुजून फुगलेलं. घरचा पडदा काढायला स्टुलावर चढले होते, तिथून पडले.

"सिनेमे बघता का?" ताईंनी विचारलं.

"बघतो की."

"मारामारीचे आवडत असतील."

"मारामारीचे, विनोदी, घोडेवाले. सगळ्यांत असतो मी."

"सगळ्यांत असता म्हणजे?"

"पडायला," ते म्हणाले. "चाळीस वर्षं तोच धंदा केला. हिरोनं उडी मारायची असली की त्याचे कपडे घालून मी मारायची. मित्रमंडळी मला पडीक म्हणतात. काम असलं की पडायचं, नसलं की घरी पडून राहायचं."

ताईंनी मान वर करून त्यांच्याकडे नीट बघितलं. पण एकोणीस वर्षांची सवय अशी सुटत नाही. त्या म्हणाल्या, "मग काका, तुम्हालाच सांगते. मारामारीच्या सिनेमात सगळं खोटं असतं."

"काय खोटं असतं?"

"पडणं."

"पडणं कसं खोटं असेल, ताई?" काका शांतपणे म्हणाले. "खाली खोकी लावलेली असतात, गाद्या असतात, सगळं कबूल. पण तिसऱ्या मजल्यावरून निघाल्यावर खालपर्यंत जावं तर लागतंच ना? ते कोण खोटं करणार?"

ताईंनी पट्टी बुडवली, पिळली.

"विनोदी सिनेमे मला बघवत नाहीत," त्या म्हणाल्या. "माणूस पडतो त्यात हसायचं काय?"

"ते सगळ्यांत अवघड. मारामारीत आपण पडणार हे आपल्याला ठाऊक असतं, लोकांनाही ठाऊक असतं. विनोदात ठाऊक नसल्यासारखं पडायचं. अंग सावध आणि चेहरा गाफील. मला जमायला नऊ वर्षं लागली."

"आणि घोडेवाले?"

"घोड्यावरून पडणं सोपं, घोड्याला पटवणं अवघड. एका सिनेमात मी चारदा मेलो. चार वेगवेगळ्या टोप्या घालून. एकदा तर स्वतःच स्वतःला मारणाऱ्यांच्या टोळीत होतो."

म्हणजे ताईंचा तो एकदाच पडणारा प्रामाणिक माणूस हा होता! त्या हसल्या, पण जरा नाइलाजानंच.

"एवढं येतं तर स्टुलावरून हातावर कसे पडलात?" त्यांनी विचारलं. "हात टेकायचा नसतो."

काकांचे कान लाल झाले. "तेच तर. जन्मभर दुसऱ्यांना ओरडत आलो, हात टेकू नका, हात टेकू नका. घरात बघायला कुणी नव्हतं, म्हणून टेकला."

प्लास्टर सुकेपर्यंत ताईंनी हात धरून ठेवला. पुढल्या सोमवारी तपासायला यायला सांगितलं आणि बजावलं, "तोवर कुठंही पडायचं नाही."

*

ताईंच्या घरी सासूबाई होत्या. वय चौऱ्याहत्तर. त्यांनी तीस वर्षं टपाल वाटलं होतं, तेही गावाच्या चढावरच्या भागात, जिथं सायकल न्यायची सोय नाही. निवृत्त झाल्यावरही रोज सकाळी एक चक्कर मारल्याशिवाय त्यांना चहा गोड लागत नसे. अशी बाई गेले चार महिने खिडकीजवळच्या एका खुर्चीत बसून होती.

झालं होतं ते एवढंच. एका दुपारी त्या न्हाणीघरात घसरल्या. मोडलं काहीच नाही. ताईंनी स्वतः एक्स-रे काढून आणला, डॉक्टरांनी दोनदा उजेडावर धरून बघितला. स्वच्छ. पण घरी त्या वेळी कुणी नव्हतं. फोन बाहेर टेबलावर होता. ताई कामावरून येईपर्यंत दोन तास सासूबाई फरशीवर पडून होत्या. त्या दोन तासांबद्दल त्यांनी एकच वाक्य सांगितलं होतं: "बेसिन खालून किती घाण असतं गं."

तेव्हापासून त्यांनी खुर्ची सोडली नाही. आत-बाहेर जायचं तर सुनेचा किंवा मुलाचा हात धरून. इस्पितळातल्या फिजिओथेरपीच्या बाई दोनदा घरी येऊन गेल्या. सांगितलेले व्यायाम सासूबाई बसल्या बसल्या अगदी शहाण्या मुलीसारख्या करत. पण उभं राहून हात सोडा म्हटलं की तोंड घट्ट मिटत. ताईंना कधी कधी वाटे, एखादं हाड मोडलं असतं तर बरं झालं असतं. सहा आठवड्यांत जुळलं तरी असतं. या भीतीला कुठून कापूस गुंडाळायचा?

पुढल्या सोमवारी काका आले तेव्हा ताईंनी त्यांची बोटं दाबून बघितली, मुंग्या येतात का विचारलं, आणि मग कशी कोण जाणे, सासूबाईंची सगळी हकीकत त्यांना सांगून टाकली.

"त्या पडायला घाबरत नसतील," काका म्हणाले. "पडणं संपतं एका सेकंदात. त्यानंतरच्या दोन तासांना घाबरतात."

"मग काय करायचं?"

"आमचे मास्टर होते, त्यांनी आम्हाला पहिले आठ दिवस पडू दिलंच नाही. जमिनीवर झोपायचं आणि उठायचं. एवढंच, दिवसभर. आम्ही तरणीताठी पोरं, आम्हाला राग यायचा. ते म्हणायचे, उठता आलं की पडायची परवानगी."

ताईंनी ही गोष्ट फिजिओच्या बाईंना सांगितली. त्यांनी कपाळावर हात मारला. "अहो, मी तेच शिकवायला बघत होते! पण त्या माझ्यासाठी खुर्ची सोडतील तर ना? येऊ द्या त्या काकांना. मी आधी एकदा त्यांचे गुडघे आणि पाठ बघून जाते. आणि तिथं तुम्ही असल्याशिवाय काही करायचं नाही." त्या येऊन बघून गेल्या. गुडघे त्यांच्या मते वयाच्या मानानं फारच चांगले होते. चढावरच्या टपालाची कमाई.

त्या बुधवारी ताई सिनेमाला गेल्या नाहीत. दुपारी तीनला काका आले. गळ्यात झोळी, झोळीत प्लास्टरचा हात.

"नमस्कार, आजी," ते म्हणाले.

"आजी कुणाची?" सासूबाई खुर्चीतूनच म्हणाल्या. "फार तर चार वर्षांनी मोठी असेन तुमच्याहून."

"चुकलं. ताई म्हणू?"

"ताई हिला म्हणतात सगळे."

"मग मोठ्या ताई."

ताईंनी पलंगावरची गादी ओढून खोलीच्या मध्ये टाकली. काकांना दारातच बजावून ठेवलं होतं की तुम्ही नुसतं बोलायचं, अंगानं काही करून दाखवायचं नाही; आणि त्यांनी मान डोलावली होती. मग ताई चहा टाकायला आत गेल्या.

चहा उकळायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात काका गादीवर झोपलेले होते. त्यांचं म्हणणं नंतर असं पडलं की नुसतं बोलून कुणाला काही कळत नाही. एक गुडघा, मग दुसरा, मग कूस, असे ते अगदी अलगद खाली गेले. "बघा, काही अवघड नाही," असं सासूबाईंना म्हणाले. आणि आता उठून दाखवतो म्हणून वळायला गेले तर वळता येईना. डावा हात प्लास्टरमध्ये. उजव्या खांद्याला पंचवीस वर्षांपूर्वीचं एक दुखणं, तो भार घेईना. त्यांनी एकदा प्रयत्न केला. दुसऱ्यांदा केला. मग छताकडे बघत म्हणाले, "एक मिनिट हं."

आत ताईंना फक्त आवाज ऐकू येत होते.

"त्या कुशीला नको, या कुशीला वळा," सासूबाईंचा आवाज.

"त्या खांद्यात जोर नाही हो."

"मग गुडघा आधी घ्या. तो नव्हे. दुसरा. अहो, दुसरा!"

"हा दुसराच आहे."

"मग पहिला घ्या!"

मग फरशीवर काहीतरी घासल्याचा आवाज आला. ताई घाईघाईनं ट्रे घेऊन बाहेर आल्या आणि दारातच थांबल्या. सासूबाई खोलीच्या मध्ये उभ्या होत्या. ज्या खुर्चीत चार महिने बसून होत्या तीच खुर्ची दोन्ही हातांनी ओढत त्यांनी गादीपाशी आणली होती. खिडकीपासून गादीपर्यंत चार-पाच पावलं. त्यांचा हात कुणीही धरलेला नव्हता.

"धरा हिला," त्या काकांना म्हणाल्या. "आणि पाठ ताठ ठेवा. चाळीस वर्षं काय केलंत हो तुम्ही?"

काका खुर्ची धरून गुडघ्यावर आले. केस उभे, झोळी पाठीवर गेलेली, चेहऱ्यावर एखाद्या मुलाला सगळ्या वर्गासमोर उभं केल्यासारखा भाव. सासूबाईंच्या नाकातून आधी एक आवाज आला, मग त्या हसायला लागल्या. काकाही हसले आणि हसताना परत गादीवर बसले, त्यामुळे सगळं पुन्हा पहिल्यापासून. ताईंच्या हातातला ट्रे इतका हलला की चहा बशांमध्ये सांडला. एक माणूस जमिनीवर पडलाय, हात मोडलेला आहे, आणि आपण हसतोय, हे त्यांच्या लक्षात आलं. पण थांबता येईना. आपण आजवर पडणाऱ्याकडे बघत आलो, तो नंतर कसा उठतो ते बघायला कधी डोळे उघडेच ठेवले नाहीत, असं त्यांना त्या वेळी वाटून गेलं.

काका निघाले तेव्हा ताईंनी जिन्यात हळूच विचारलं, "खरं सांगा. मुद्दाम केलंत ना?"

"शप्पथ नाही," काका म्हणाले. कान पुन्हा लाल झाले होते. "इतकं चांगलं मुद्दाम करता आलं असतं तर आमचे मास्टर खूश झाले असते."

त्या संध्याकाळी नवरा घरी आला तेव्हा आई त्याला खिडकीशी न दिसता टेबलाशी दिसली. खुर्ची तिथवर तिनं स्वतःच नेली होती. "तो माणूस पुढल्या बुधवारी येणार आहे का?" तिनं सुनेला विचारलं. "येऊ दे. त्याला नीट उठता येत नाही."

*

पुढल्या बुधवारी सासूबाई स्वतः गादीवर उतरल्या. एका बाजूला ताई, समोर खुर्ची, आणि काका शेजारी जमिनीवर मांडी घालून. त्यांना आता आडवं व्हायची सक्त मनाई होती.

पाठ टेकल्यावर सासूबाईंचा श्वास जोरात चालायला लागला. हात गादीची कड शोधू लागले. ताई पुढं वाकल्या, पण काकांनी नजरेनंच त्यांना थांबवलं.

"मोठ्या ताई, वर काय दिसतंय?"

"छत."

"आणखी?"

"तडा गेलाय."

"कुठून कुठवर?"

"दिव्यापासून..." सासूबाई थांबल्या, बघू लागल्या. "दिव्यापासून निघून कोपऱ्याकडे गेलाय. मध्ये एक फाटा फुटलाय."

"फाटा कुणीकडे?"

"खिडकीकडे. तिथं संपतो. म्हणजे पुढं रस्ता नाही."

बोलता बोलता श्वास बसला. मग कूस. मग कोपर. मग दोन्ही हात आणि दोन्ही गुडघे. मग रांगत खुर्चीपर्यंत, खुर्चीवर हात, एक पाऊल रोवायचं आणि वर. पहिल्या दिवशी याला अकरा मिनिटं लागली आणि शेवटी सासूबाई कुणाशी न बोलता जाऊन झोपल्या. ताईंना वाटलं, संपलं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनीच गादी खाली टाकायला लावली. त्या आठवड्यात वेळ सात मिनिटांवर आला, पुढल्या आठवड्यात चारवर. नवऱ्यानं तर भिंतीवर एक कागद चिकटवला आणि त्यावर तारखा आणि मिनिटं लिहायला लागला. त्याच्या लिफ्टच्या नोंदी तशाच असत.

मग काकांनी पडणंही शिकवलं. उभ्यानं नाही, ते फिजिओच्या बाईंना चाललं नसतं. दोन गाद्या एकावर एक टाकून, गुडघ्यांवरून. "हात छातीशी. मनगट जमिनीला द्यायचं नाही, मांडी द्यायची. मांडी दणकट असते, तिला काही वाटत नाही. आणि श्वास धरून ठेवायचा नाही, सोडायचा." सासूबाई धप्पकन आडव्या होत आणि पडल्या पडल्या विचारत, "चेहरा कसा होता?"

"सावध होता. जरा गाफील ठेवा."

"मला विनोदी नकोय. मला घोड्यावरचं शिकवा."

*

काका घरी यायला लागल्यापासूनच्या पाचव्या आठवड्यातला गुरुवार. ताई साडेपाचला घरी आल्या. सासूबाई स्वयंपाकघरात टेबलाशी बसून चहात बिस्किट बुडवत होत्या. एका बाजूचे केस ओले होते. फरशीवर फडकं टाकलेलं होतं.

"पाणी सांडलं होतं," त्या म्हणाल्या. "त्यावरून पडले. साडेतीनला."

ताईंची पिशवी हातातून तशीच खाली आली. त्यांनी सासूबाईंचा हात धरला. मनगट दाबलं, कोपर दाबलं, बोटं हलवायला लावली, कंबर बघितली. मांडीवर बशीएवढा निळा डाग. बाकी काही नाही.

"किती वेळ...?" त्यांनी विचारलं.

"घड्याळ बघितलं ना मी. सात मिनिटं. त्यातली दोन मी तशीच पडून होते."

"का?"

"काही घाई नव्हती," सासूबाई म्हणाल्या.

ताई समोरच्या खुर्चीत बसल्या. सासूबाईंनी उठून दुसरा कप काढला, त्यात चहा ओतला आणि पुढं सरकवला. किटली परत जागेवर ठेवली, बिस्किटांचा डबा आणला. सगळं करून बसल्यावर म्हणाल्या, "तुझ्या नवऱ्याला त्या कागदावर लिहू दे. पण वेगळ्या शाईनं."

पुढल्या सोमवारी काकांचं प्लास्टर काढायचं होतं. करवतीचा आवाज थांबल्यावर ताईंनी त्यांना सगळं सांगितलं. काकांनी एखाद्या कारागिरानं दुसऱ्याचं काम तपासावं तसे प्रश्न विचारले.

"कुठल्या कुशीवर?"

"उजव्या."

"हात?"

"छातीशी, म्हणतात."

"ओरडल्या?"

"शिवी दिली म्हणे. कुठली ते सांगत नाहीत."

"चालेल. शिवीनं श्वास बाहेर जातो." मग ते आपल्या बारीक झालेल्या, पांढऱ्या पडलेल्या मनगटाकडे बराच वेळ बघत राहिले. "चाळीस वर्षं पडलो, ताई," ते म्हणाले. "लोकांना वाटायचं हिरोच पडला. हे पहिलंच पडणं, जे माझं म्हणून कुणी मला सांगितलं."

ताईंनी त्यांचा हात कोमट पाण्यानं धुतला. तसा सगळ्यांचाच धुवायचा असतो. यांचा त्यांनी जरा सावकाश धुतला.

*

त्या बुधवारी तिघंही सिनेमाला गेले. घोड्यांचाच लागला होता. थिएटर चालत पंधरा मिनिटांवर. सासूबाईंना पंचवीस लागली, वाटेत दोनदा कठड्याशी थांबल्या, पण रिक्षा करू म्हटल्यावर असं बघितलं की पुन्हा कुणी विषय काढला नाही. आत ताई मध्ये बसल्या आणि दोन्हीकडून त्यांना बोलणं ऐकावं लागलं. छपरावरून कुणी कोसळला की काका पुटपुटत, "हा उशिरा सुटला," नाहीतर, "हा चांगला आहे, याला विमा हवा." सासूबाईंचं लक्ष दुसरीकडेच. सिनेमात एक माणूस तीन दिवस घोडा दामटत एक पत्र घेऊन येतो, आणि ते पत्र कुणी उघडायच्या आतच गोळीबार सुरू होतो. सासूबाईंना ते अजिबात सोसेना.

"अरे, आधी पत्र तर वाचा!" त्या मोठ्यानं म्हणाल्या. पुढच्या रांगेतल्या दोघांनी मागं वळून बघितलं. त्यांनाही बहुधा तसंच वाटत असावं, कारण कुणी गप्प बसा म्हणालं नाही.

बाहेर आल्यावर त्यांनी मत दिलं: घोडे चांगले, माणसं अर्धवट. एवढ्या मोठ्या गावात टपालाची काही व्यवस्था नाही. याच्यापेक्षा बाहेर ज्याचं पोस्टर लावलंय तो विनोदी बघायला हवा होता. तो कधी लागणार?

"शुक्रवारी लागतोय," ताई म्हणाल्या. "पुढल्या बुधवारी जाऊ."

"बुधवारची वाट कशाला बघू? मला काय रोजच सुट्टी. मी मंगळवारी जाईन."

"कुणाबरोबर?"

"तिकिटाबरोबर," सासूबाई म्हणाल्या. काकांनी दुसरीकडे बघितलं, पण त्यांचे खांदे हलत होते.

मंगळवारी ताईंची कामाची पाळी होती. तीन वाजता एक घोटा आला, साडेतीनला एका सुताराचा अंगठा. पट्ट्या बुडवत, पिळत ताई मनातल्या मनात चालत होत्या: आता जिना उतरल्या असतील. आता कठड्याशी थांबल्या असतील. आता आत अंधार झाला असेल, तिथं एक पायरी आहे. फोन करावासा वाटला, पण सिनेमात फोन बंद ठेवायचा असतो आणि सासूबाई नियमाच्या पक्क्या. सुताराला त्यांनी त्या दिवशी सिनेमाचं काही विचारलंच नाही. तो बिचारा अंगठ्याकडे बघत राहिला.

सहाला घरी आल्या तर घरात कुणी नाही. सव्वासहाला नवरा आला. "खाली जाऊन बघू का?" तो म्हणाला. "नको," ताई म्हणाल्या, आणि दोघंही खिडकीशी जाऊन उभे राहिले. साडेसहा झाले. पावणेसात झाले.

सातला पाच कमी असताना जिन्यात पावलं वाजली. एक, मग थांबा, मग एक. नवरा दाराकडे निघाला, तसा ताईंनी त्याचा दंड धरला. दाराला किल्ली लागली. सासूबाई आत आल्या. गाल लाल झालेले, डोक्यावरचा रुमाल घसरून मानेवर आलेला.

"इतका उशीर?" नवऱ्यानं विचारलं.

"टेकडीकडून आले, माझ्या जुन्या टपालाच्या वाटेनं. बऱ्याच दिवसांत तिकडं गेले नव्हते. सगळी दारं बदललीत लोकांनी."

"आणि सिनेमा?" ताईंनी विचारलं.

"भिकार," सासूबाई म्हणाल्या. "गोष्ट नाही, काही नाही. एक जाडा माणूस सारखा पडतो. हात टेकतो तो, मी बघितलं. पण शेजारी एक बाई होती, ती इतकी हसत होती, इतकी हसत होती की मलाही आवरेना. शेवटी दोघी एकमेकींच्या अंगावर पडायच्या बाकी होतो."

बोलता बोलता त्यांनी भिंतीला एक हात लावला आणि उभ्या उभ्याच, आधी एका पायातला, मग दुसऱ्या पायातला बूट काढला.